रंगावरची काच

उन्मेषने आयुष्यातले मोठे निर्णय चुटकीसरशी घेतले होते. बायको पहिल्याच कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पसंत केली, राजारामपुरीतला दवाखान्याचा गाळा जिन्यात उभ्या उभ्या ठरवला, आणि दातांचा डॉक्टर असल्यामुळे कुणाचा दात ठेवायचा आणि कुणाचा उपटायचा हे तर तो रोजच ठरवतो. पण वडिलांच्या जुन्या फियाटला कोणत्या पद्धतीचा रंग द्यायचा, इथे त्याचं घोडं जे अडलं ते दिवाळी उलटून गेली तरी हलेना.

रंग म्हणजे छटा नव्हे. छटेचा वादच नव्हता. अण्णांची, म्हणजे उन्मेषच्या वडिलांची, गाडी हस्तिदंती होती, आणि हस्तिदंती रंगातलं उन्मेषला जेवढं कळतं तेवढं कोल्हापुरात कुणाला कळत नसेल. कृत्रिम दात बसवताना रंग जुळवायला नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. ती खिशात घालून तो उद्यमनगरातल्या गॅरेजात गेला होता आणि मडगार्डच्या आत, जिथे कधी ऊन लागलं नव्हतं अशा जागेशी, एकेक दात धरून त्याने छटा पक्की करून आणली होती. गॅरेजातली माणसं अजून ती गोष्ट चहाबरोबर सांगतात.

प्रश्न होता चमकेचा. पूर्वी रंगाचे हातावर हात मारत आणि मग तो रंगच घासून घासून त्याला चमक आणत. आता तसं कुणी करत नाही. आता आधी नुसता रंग मारतात, तो वाळला की खडूसारखा निस्तेज दिसतो, आणि मग त्यावर पारदर्शक थर चढवतात, क्लिअर कोट. जुनी चमक मऊ, पण चार उन्हाळ्यांत विटणारी. नवी चमक टिकाऊ, पण आरशासारखी आणि जरा आगाऊ. शिवाय या दोहोंच्या मध्ये अर्धी चमक, पाव चमक, अशा इतक्या पायऱ्या निघाल्या की उन्मेषची झोप उडाली.

एवढा जीव टांगणीला लागायचं कारण होतं धैर्यशील वकील. हा उन्मेषचा शाळेपासूनचा वर्गमित्र, आणि वर्गमित्राला जेवढं जळवता येतं तेवढं शत्रूलाही जमत नाही. मागच्या वर्षीच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत ‘मूळ रूपातली गाडी’ हा चषक धैर्यशीलच्या मॉरिसने पटकावला होता. नंतर तो अक्कलदाढ दाखवायला उन्मेषकडे आला आणि तोंडात आरसा, कापूस, नळी असं सगळं असतानाही चषकाबद्दल बोलत राहिला. त्याच दिवशी उन्मेषने ठरवलं की यंदाचा चषक अण्णांच्या गाडीचा. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झोपलेली फियाट क्रेनने उचलून जोतीरामच्या गॅरेजात गेली.

जोतीराम हा गडमुडशिंगीचा. रंगात हात चांगला आणि तोंड हाताहून चांगलं. आपल्यासारखा रंगारी पुण्या-मुंबईत नाही, हे तो दर गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो.

“डॉक्टर, इच्यार कसला करताय?” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “वर काच चढवून देतो. आसा आरसा करतो, की बोनटात बगून दाढी करशीला.”

“मला दाढी नाही करायची, जोतीराम. अण्णांच्या वेळी होती तशी चमक हवी.”

“तवाची चमक तवाची. आता तवाची मान्सं तरी ऱ्हायल्यात व्हय?”

उन्मेषने त्याच्याकडून पत्र्याचे चौकोनी तुकडे रंगवून घेतले, प्रत्येकावर वेगळी चमक, आणि ते दवाखान्याच्या खिडकीत ओळीने मांडले. सकाळच्या उन्हात बघायचे, दुपारी बघायचे, ट्यूबलाइटखाली बघायचे. वाट बघणाऱ्या पेशंटांनाही तो मतं विचारू लागला. कोल्हापुरात मत मागणं म्हणजे पाटावर बसून वाढा म्हणण्यासारखं आहे, पान भरेपर्यंत सुटका नाही. एका पैलवानाने दाढ दुखत असताना पाऊण तास गाडी काळी करा म्हणून समजावलं. इचलकरंजीहून आलेल्या एका यंत्रमागवाल्याने तुकड्यांवरून हात फिरवला आणि हे सगळे एकाच ठाणातले आहेत असा निकाल दिला. उन्मेषची बायको मधुवंती हिने तुकडे एकदाच पाहिले. “सगळे पांढरे आहेत,” ती म्हणाली, आणि पुसायचं फडकं शोधायला आत गेली.

पुरावा म्हणावा असा एक फोटो होता. गाडी नवी घरी आली त्या दिवशीचा, काळा-पांढरा. बोनटला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, बाजूला कोट घातलेले अण्णा आणि बोनटवर उन्हाची एक तिरीप. उन्मेषचा सगळा जीव त्या तिरिपेत. तिच्या कडा मऊ आहेत की धारदार, यावर चमकेची जात ठरणार होती. त्याने फोटो मोठा करून घेतला, फ्रेम करून दवाखान्यात लावला. मोठा करताना दोन्ही कडेची माणसं कापावी लागली, पण गाडी पुरी आली.

शेवटी त्याने माईला, आपल्या आईला, विचारलं. ऐंशीला टेकलेली माई सकाळी गॅलरीत पेपर वाचत होती.

“माई, अण्णांची गाडी नवी होती तेव्हा कशी चमकायची ग?”

“चमकायची कुठली? अण्णा तिला दर रविवारी शेतावर न्यायचे. सदा धुळीत.”

“तसं नाही. पहिल्या दिवशी?”

माईने चष्मा काढला. “पहिल्या दिवशी? अरे, त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, की गाडीला मीच...”

“ते राहू दे. चमक सांग. बोनटमध्ये तोंड दिसायचं की नुसता उजेड?”

माईने चष्मा परत घातला. “आठवत नाही बाबा,” ती म्हणाली आणि पेपर उलटला.

त्याच सुमारास उन्मेषचं त्याच्या क्लबात भाषण झालं. जिल्ह्यातल्या एका गावाने ठराव करून विधवांच्या चालीरीती बंद केल्या होत्या, त्या विषयावर. नवरा गेला म्हणून बाईने कुंकू का पुसायचं, शुभकार्यात मागे का सरायचं, असा रोकडा सवाल त्याने केला. टाळ्या पडल्या. माई पहिल्या रांगेत बसली होती, तिनेही वाजवल्या. अण्णा गेल्यापासून तिने कपाळाला कुंकू लावलं नव्हतं, की कुणाला ओवाळलं नव्हतं. घरात कुणी तिला तसं सांगितलं मात्र नव्हतं, याचा उन्मेषला अभिमानच होता. आमच्याकडे असलं काही नसतं, असं तो भाषणातही म्हणाला. कुणी मनाई केली नव्हती हे खरंच आहे. पण कुणी ‘माई, तुम्ही ओवाळा’ असंही कधी म्हटलं नव्हतं, आणि भाषणात ते कुठे बसत नसल्यामुळे राहून गेलं.

भाषणानंतर आठवड्याभरात रंगाचा निर्णय झाला. उन्मेषने तोड काढली ती खास त्याच्या स्वभावाची. क्लिअर कोट मारायचा, पण पातळ, आणि नंतर हाताने घासून त्याचा आगाऊपणा उतरवायचा. म्हणजे टिकाऊपणा नव्याचा आणि तिरीप जुनी. जोतीरामने कपाळाला हात लावला. “म्हंजे आदी आरसा करायचा आन मग तेला मारून मुटकून गप बसवायचा. करतो की. बिल तुमचं हाय.”

घरात पूजेचं ठरलं. शुक्रवारी रंग, शनिवारी घासकाम करून गाडी घरी, रविवारी सकाळी इमारतीखाली पूजा, आणि पुढच्या रविवारी रॅली. मधुवंती गाडीला ओवाळील, बोनटवर स्वस्तिक काढील. नारळ उन्मेष फोडील. धैर्यशीलला मुद्दाम बोलवायचं. “माईंना सावलीत खुर्ची ठेवू,” मधुवंती म्हणाली. “ऊन लागायला नको.” उन्मेषला ते फारच पटलं. माई तिथेच पालेभाजी निवडत बसली होती. तिने पुढची जुडी सोडायला घेतली.

शुक्रवारी उन्मेषला दिवसभर दवाखान्यातून हलता आलं नाही. संध्याकाळी शेवटचा पेशंट हातावेगळा करून तो उद्यमनगरात पोचला तेव्हा जोतीराम हातपाय धुऊन स्टुलावर बसला होता, आणि फियाट दिव्यांखाली उभी होती.

उन्मेष दारातच थांबला. चमक तीच होती. वर्षभर खिडकीतल्या तुकड्यांत जी सापडत नव्हती ती. दारांवर, छपरावर, मडगार्डच्या गोलाईवर उजेड नुसता टेकला होता, सांडत नव्हता. अजून घासायचंही बाकी होतं. त्याला गहिवरून आलं. अण्णा कोट घालून बाजूला उभे असायला हवे होते, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मग तो पुढे गेला आणि त्याला बोनटवर तांबडं काहीतरी दिसलं.

कुंकवाचं स्वस्तिक होतं, तळहाताएवढं. कुणीतरी घाईने पूजा उरकलेली दिसतेय, असं पुटपुटत त्याने रुमाल काढला, कोपरा ओला केला आणि हलकेच पुसलं. रुमाल पांढराच राहिला. त्याने जरा जोराने पुसलं. मग नख लावलं. नख गुळगुळीत पृष्ठभागावरून सरकून गेलं. बाहेरून बसलेला डाग निघतो, आतला निघत नाही, हे तो रोज पेशंटांना सांगतो. हे कुंकू आत होतं.

“जोतीराम! हे काय आहे?”

“स्वस्तिक हाय की.”

“ते मला दिसतंय! क्लिअरच्या खाली कसं गेलं?”

“खाली गेलं न्हाय, खालीच हुतं. मी वरनं काच चढवली.”

“कुणी काढलं?”

जोतीराम स्टुलावरून उठला. त्याचा आवाज पहिल्यांदाच उतरला. “आवो डॉक्टर, आईसाहेब आलत्या.”

मग त्याने सांगितलं ते असं. दुपारी रंग मारून झाला होता, तो वाळेपर्यंत जोतीराम जेवायला बसला. जेवण उरकतंय तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि माई उतरल्या. एकट्याच, हातात कापडी पिशवी.

“रंग झाला का, म्हनाल्या. म्हटलं झाला. हात लावला तर चालंल का? म्हटलं, वाळलाय, लावा की, तुमचीच गाडी. तवा पिशवीतनं करंडा काडला, माझ्याकडनं वाटीत पानी घेटलं, कुंकू कालवलं आन ह्ये काडलं. मी म्हटलं, आईसाहेब, मी वाटी धरू का? तर न्हाय म्हनाल्या. मग हात जोडून लई येळ हुब्या ऱ्हायल्या.”

“आणि तुम्ही बघत राहिलात?”

“मग काय करू? जाताना मला म्हनाल्या, रविवारी सून करील ती खरी पूजा. तिथं माझं काम नसतं. म्हनून आजच आले. मी गेले की ह्ये पुसून टाक, आन उन्मेषला सांगू नको.”

“मग पुसलं का नाही?” उन्मेष ओरडला.

“मी?” जोतीरामही ओरडला. “फडकं घिऊन गेलतो बी! हात उटंना. म्हाताऱ्या मान्साच्या हातचं कुंकू, मी पुसू? उद्या माजा हात वाळला तर रंगाची गन कोन धरनार, तुमी? मग म्हटलं, न्हाय पुसायचं तर कुनालाच पुसाय येऊ नगं. मारली वरनं काच. आता पावसात जाईत न्हाय, घासून जाईत न्हाय. गॅरंटी हाय.”

गॅरंटी हा शब्द ऐकून उन्मेषला त्याचा गळा धरावासा वाटला. चषक डोळ्यांसमोरून धैर्यशीलच्या घराकडे चालत निघाला होता. त्याने दम घेतला. “बोनट घासून परत रंगवा. वेळ आहे अजून.”

“हाय की येळ. रविवारपतोर हुतंय.” जोतीराम फळीवरून घासायचा कागद आणि पाण्याचं डबडं घेऊन आला आणि त्याने ते बोनटशेजारी ठेवलं. “म्होरचं समदं मी करतो. पर ह्ये पहिलं घासायचं तुमी. मी हात लावनार न्हाय.”

उन्मेषने बाह्या सारल्या. कागद भिजवला आणि वाकला. एवढ्या जवळून त्याला रेघा दिसल्या. बोटाचा ठसा उमटलेल्या. एक रेघ मध्येच थांबून परत सुरू झाली होती. कडेला क्लिअरमध्ये कुंकू जरासं फुटून गुलाबी झालं होतं. तिथे माझं काम नसतं. हे वाक्य त्याच्या कानात असं वाजलं की जणू ते त्यानेच उच्चारलं होतं, आणि विचार केल्यावर त्याच्या लक्षात आलं की उच्चारलं नव्हतं एवढंच. पूजेचं कोण काय करील ते ठरलं तेव्हा आई समोर भाजी निवडत होती, आणि त्याने तिच्या वाट्याला खुर्ची दिली होती. सावलीतली. त्याला स्वतःची लाज वाटली. भाषणाला पडलेल्या टाळ्या आठवून तर फारच वाटली.

त्याने कागद डबड्यात टाकला. “राहू दे,” तो म्हणाला.

“मी तर कवाच म्हनत हुतो,” जोतीराम म्हणाला.

घरी आल्यावर उन्मेषने कपाटातून मूळचा फोटो काढला, न कापलेला. अण्णांच्या दुसऱ्या बाजूला, जिथे फ्रेमसाठी कात्री लागली होती तिथे, डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण मुलगी ताट घेऊन उभी होती. बोनटवर तिचं स्वस्तिक होतं. वर्षभर तो या फोटोत बंपर बघत होता, दिवे बघत होता, उन्हाची तिरीप बघत होता. माईने दारातून विचारलं, “रंग कसा झालाय रे?” तो म्हणाला, “छान झालाय.” तिच्या उजव्या हाताचं एक बोट घासून घासून लाल झालेलं होतं, आणि घासण्याने लाल होतं त्याहून थोडं जास्तच लाल होतं.

रविवारी इमारतीखाली मंडळी जमली. धैर्यशील वकील गाडीभोवती फिरून काहीतरी वाईट शोधत होता. मधुवंती ताट घेऊन बोनटपाशी आली, बोट कुंकवात बुडवलं आणि थबकली. “हे आधीच कुणी काढलंय?”

सावलीतल्या खुर्चीतून आवाज आला. “पुसलं नाही वाटतं मेल्याने!”

सगळे वळले. माईने जीभ चावली. उन्मेषला वाटलं, हीच वेळ. तो खुर्चीपाशी गेला, घसा साफ केला आणि म्हणाला, “माई, आजपासून या घरात प्रत्येक शुभकार्यात पहिला मान तुझा असेल. हे ताट तूच...” मधुवंतीला सगळं एका क्षणात उमगलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ताट पुढे केलं. शेजाऱ्यांपैकी दोघांनी मोबाइल वर धरले.

माईने ताटाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. “भाषणाला उभा राहिल्यासारखा काय बोलतोस?” ती म्हणाली. “माझं करून झालंय. मधुवंती, तू ओवाळ बाई, नुसतं ओवाळ. आणि नारळ लांब फोडा, रंग कोवळा आहे.”

उन्मेषने नारळ लांब फोडला.

रॅलीला पुण्याहून परीक्षक आले होते, पांढरे हातमोजे घातलेले. फियाटपाशी ते बराच वेळ रेंगाळले. अशी चमक हल्ली बघायला मिळत नाही, असं त्यांनी मदतनिसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. धैर्यशीलचा चेहरा पडला. मग ते बोनटकडे आले.

“हा स्टिकर काढता येईल?”

“स्टिकर नाही. आत आहे.”

“आत?” त्यांनी हातमोज्याचं बोट फिरवलं. “पण गाडी कारखान्यातून अशी आली नव्हती ना. मूळ रूपात हे बसत नाही. कुणी केलं हे?”

उन्मेषकडे या प्रश्नाची उत्तरं चार होती आणि त्यांतली तीन जोतीरामवर ढकलणारी होती. “गाडीच्या मूळ मालकिणीने,” तो म्हणाला. परीक्षकांनी मान हलवली आणि गुण कापले. चषक दुसऱ्या वर्षीही मॉरिसला मिळाला. धैर्यशीलने तो उन्मेषला मुद्दाम हातात धरायला दिला, आणि तो खरोखरच जड होता.

परतताना माई पुढच्या सीटवर बसली होती, मधुवंती मागे. गाडी राजारामपुरीच्या वळणाला आली तेव्हा माई म्हणाली, “मिळालं का रे बक्षीस?”

“नाही मिळालं.”

“का?”

उन्मेषने काचेतून बोनटकडे बोट केलं.

“तरी मी त्याला पुसून टाक म्हटलं होतं,” माई म्हणाली. तिच्या आवाजात कुठे वाईट वाटलेलं आहे का, हे उन्मेषने कान देऊन ऐकलं. मुळीच नव्हतं. ती पुढे वाकून, डोळे बारीक करून बोनटकडे बघत होती.

“डावीकडची रेघ वाकडी आलीय,” ती म्हणाली. “सवय राहिली नाही.”